डेटाबेसच्या ऑटोमेटेड एसक्यूएल टेस्ट

टेबलं, कन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम), ट्रिगर (डेटा बदलला की आपोआप चालणारा कोड), व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी), फंक्शन ठरल्यासारखे वागतायत का हे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतच स्क्रिप्ट लिहून मशीनकडून परत परत तपासून घ्यायचं, त्याला एसक्यूएल टेस्टिंग म्हणतात. ॲपच्या कोडला युनिट टेस्ट (एकेक छोटा तुकडा तपासणाऱ्या टेस्ट) लिहिणारे बरेच जण डेटाबेसपाशी आले की हात आखडता घेतात, आणि हे खरंच चुकतं, कारण कोड बिघडला तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं पण चुकीचा डेटा एकदा आत शिरला की तो पुढच्या रिपोर्टांत, बॅकअपमध्ये सगळीकडे पसरतो.

पोस्टग्रेससाठी पीजीटॅप (2008 पासून), ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी ही त्या त्या डेटाबेस सॉफ्टवेअरची नेहमीची टूल्स. पीजीटॅपमधला टॅप हा पर्लच्या जगातून आलेला साधा फॉरमॅट आहे, प्रत्येक टेस्टमागे एक ओळ, पास झाली तर ‘ओके’, नाहीतर ‘नॉट ओके’.

टेस्ट फाइल बिगिनने सुरू होते, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) उघडतं, मग किती टेस्ट आहेत तो प्लॅन, मग टेस्टचा डेटा टाकायचा, तपासायचं, आणि शेवटी रोलबॅक, म्हणजे डेटाबेस होता तसा परत.

सगळ्यात कामाच्या टेस्ट म्हणजे मुद्दाम चुकीचा डेटा टाकून बघायच्या. समजा रक्कम या कॉलमवर ‘शून्यापेक्षा जास्त’ असा चेक आहे. शून्य टाकलं की पोस्टग्रेस 23514 हा एरर कोड देतो, टेस्ट पास. आता नल (म्हणजे किंमतच नाही) टाकून बघा, रो (टेबलातली ओळ) गुपचूप आत जाते! कारण नलशी तुलना केली की उत्तर खरंही नसतं आणि खोटंही नसतं, आणि चेक फक्त खोटं आलं तरच अडवतो. इलाज सोपा आहे, कॉलमला नॉट नल लावायचं आणि नल टाकल्यावर 23502 यायला हवा अशी वेगळी टेस्ट लिहायची. नुसतं चेक वाचून हे भोक सहसा कुणाला दिसत नाही.

वेळेचं पण असंच. पोस्टग्रेसमध्ये नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे अपडेटची वेळ बदलणारा ट्रिगर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तपासला तर वेळ बदललेलीच दिसत नाही आणि माणूस चांगल्या ट्रिगरमध्ये बग शोधत बसतो. जुन्या तारखेची रो आधी टाकून मग अपडेट केली की टेस्ट नीट चालते, फक्त इन्सर्टलाही तोच ट्रिगर लावलेला नसावा.

क्वेरीचा रिझल्ट तपासताना ऑर्डर बाय (क्रम लावून देणारा भाग) नसेल तर रोंच्या क्रमावर भरवसा ठेवू नये. पीजीटॅपमधलं सेट_इक्यू क्रम आणि डुप्लिकेट दोन्ही सोडून देतं, बॅग_इक्यू क्रम सोडतं पण डुप्लिकेट मोजतं, आणि चुकलेल्या जॉइनमुळे (टेबलं एकमेकांना जोडताना) रो दुप्पट आल्या तर त्या पकडायला बॅग_इक्यूच हवं.

टेस्ट चालवायला पीजी_प्रूव्ह हे कमांड लाइन टूल आहे. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारी व्यवस्था) दर वेळी रिकामा डेटाबेस उभा करायचा, सगळ्या मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) लावायच्या आणि मग टेस्ट, म्हणजे मायग्रेशनचीही परीक्षा होते. इंजिन मात्र प्रॉडक्शनमधलंच आणि त्याच व्हर्जनचं घ्या. मायएसक्यूएलमध्ये क्रिएट टेबल, ऑल्टर टेबलसारखी स्टेटमेंट ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट (पक्कं) करतात, तिथे रोलबॅकवर विसंबता येत नाही. आणि पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक झाला तरी सिक्वेन्सचा (आयडीसाठी पुढचा आकडा देणारा काउंटर) आकडा मागे येत नाही, म्हणून टेस्टमध्ये ‘आयडी 1 असेल’ असं कधी लिहू नका, इन्सर्ट करतानाच रिटर्निंगने खरा आयडी घ्या.