नियम आले घोटाळ्यांमागून

१९६१ साली संशोधक रेमंड बॉमहार्ट यांनी अमेरिकेतल्या सुमारे १,७०० व्यवस्थापकांना व्यवसायातल्या नीतीबद्दल प्रश्न विचारले. आपण सरळ आहोत, इतर तितके नाहीत, असाच बहुतेकांचा सूर निघाला. तेव्हा हा सगळा मामला माणसाच्या स्वभावाचा समजला जाई. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी तर कायदा आणि रूढ नीती पाळून नफा वाढवणं हीच कंपनीची जबाबदारी, असं ठणकावून सांगितलं. (त्यातली आधीची अट त्यांचे चाहते सोयीस्करपणे गाळतात.)

मग लाचखोरी उघडी पडली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणाच्या तपासात कंपन्यांचे छुपे निधी सापडले. त्यावरून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी रोखे आयोगाने विचारणा केली, तेव्हा चारशेहून अधिक कंपन्यांनी संशयास्पद पैसे दिल्याची कबुली दिली. एकूण रक्कम होती ३० कोटी डॉलरच्या वर. लॉकहीड या अमेरिकी कंपनीने आपली विमानं खपवण्यासाठी वाटलेल्या पैशांपायी जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका १९७६ मध्ये अटकेत गेले. पुढच्याच वर्षी परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं अमेरिकेत गुन्हा ठरलं. पण एकाच वेळी चारशे कंपन्यांत वाईट माणसंच भरली होती, असं कोण मानणार?

याच काळातलं फोर्डच्या पिंटो गाडीचं प्रकरण मला जास्त अस्वस्थ करतं. मागून धडक बसली की तिची इंधनटाकी पेटण्याचा धोका होता. सदोष गाड्या परत बोलावण्याच्या कामाचे समन्वयक होते डेनिस जोइया. नीतीबद्दल कळकळ असलेला, तरुण माणूस. स्वतः पिंटोच चालवणारा. तरीही पिंटो परत बोलावू नये, याच बाजूने त्यांनी मत दिलं. पुढे प्राध्यापक झाल्यावर, १९९२ मध्ये, त्यांनी याचं कारण लिहिलं. टेबलावर रोज तक्रारींचा ढीग, आणि त्यातून निवडायचं ते ठरलेल्या निकषांवर: तक्रारी पुरेशा आहेत का, सुटा भाग निकामी होतोय का. पिंटोची फाइल त्यात बसेना. हा नीतीचा प्रश्न आहे, हे त्यांच्या मनात आलंच नाही. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या १९७८ मध्ये.

मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९८६ मध्ये नैतिक वर्तनाचे चार घटक मांडले. त्यांत पहिला आहे प्रश्न नीतीचा आहे हे जाणवणं; निवाडा, इच्छा आणि प्रत्यक्ष कृती त्यानंतर. त्याच वर्षी व्यवस्थापनाच्या अभ्यासक लिंडा ट्रेविन्यो यांनी व्यक्तीबरोबर परिस्थितीलाही हिशेबात घेतलं: बक्षीस कशाला मिळतं, वरिष्ठ काय खपवून घेतात.

कायदा मात्र कागदाच्या वाटेने गेला. १९९१ पासून अमेरिकेत गैरप्रकार रोखण्याची परिणामकारक व्यवस्था असलेल्या कंपनीला दंडात सवलत मिळू लागली. साहजिकच आचारसंहिता आणि नैतिकता अधिकारी यांचं पीक आलं. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची संहिता ६४ पानी होती. वित्तप्रमुखाला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवता याव्यात म्हणून संचालक मंडळाने तीच बाजूला ठेवली. २००१ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली गेली, तेव्हाही आधी सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. २०१७ मध्ये संचालकांच्याच चौकशीने विक्रीच्या अवाच्या सवा उद्दिष्टांवर बोट ठेवलं. माजी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला १.७५ कोटी डॉलरचा दंड आणि बँकिंगमध्ये कायमची बंदी झाली, ती २०२० साली.