दहा लिटरचा डबा, पाचशे वॉटची धग

घरातला दहा लिटरचा कुकर डोळ्यांसमोर आणा. तेवढ्याच जागेत मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी) आणि फूटभर लांबीचे ग्राफिक्स कार्ड बसवायचे आहे. खेळ सुरू झाला की हे सगळे मिळून पाचशे वॉट उष्णता सहज टाकतात. बादलीत पाणी तापवायचा रॉड साधारण हजार वॉटचा असतो. म्हणजे अर्धा रॉड त्या कुकरमध्ये सोडायचा, तीन-चार तास चालू ठेवायचा आणि आतली हवा तापू द्यायची नाही. छोट्या कॅबिनेटमधला ताकदवान गेमिंग पीसी म्हणजे नेमके हेच काम.

माझ्या भाच्याने मागच्या वर्षी असा एक डबा जुळवला. पुण्यात कर्वेनगरात वरच्या मजल्यावर त्याची खोली आहे. टेबल लहान, मोठा टॉवर ठेवायला जागा नाही आणि सुट्टीत घरी जाताना मशीन पाठीवरच्या बॅगेत न्यायचे, म्हणून छोटे कॅबिनेट. डिसेंबरमध्ये सगळे छान चालले. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "मामा, याच कॅबिनेटमध्ये याच कार्डाला परदेशातले लोक चाचणीत ७२ डिग्री दाखवतात. माझं ८६ वर जातंय आणि पंखे तर नुसते ओरडतायत. चिप आणि कूलरमधली पेस्ट दोनदा बदलली." त्याला उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले की गोष्ट बरीच मागून सांगायला हवी.

सुरुवात वॉटपासून. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडले की ट्रान्झिस्टर जसजसा लहान होतो तसतसे व्होल्टेजही उतरवले, तर चिपच्या तेवढ्याच तुकड्यातून निघणारी उष्णता वाढत नाही. संगणकाचा धंदा जवळजवळ तीस वर्षे या हिशोबावर चालला. १९९३ चा ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम सोळा वॉटच्या आसपास घ्यायचा आणि त्यावर एक छोटा पंखा पुरायचा. पुढे ट्रान्झिस्टर लहान होत गेले, पण व्होल्टेज उतरायचे थांबले, कारण फार खाली नेले की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळू लागते. २००४ मध्ये आलेल्या प्रेस्कॉट पेंटियम ४ च्या सर्वांत वेगवान आवृत्तीने ११५ वॉट गाठले. तिथून पुढे उष्णता हा आराखड्यातला पहिला प्रश्न झाला.

त्याच सुमारास इंटेलने बोर्ड आणि कॅबिनेटची बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली. १९९५ पासून चालत आलेल्या एटीएक्समध्ये प्रोसेसर, कार्ड आणि डिस्क आपापल्या कोपऱ्यात तापत असत आणि हवा जमेल तशी फिरत असे. बीटीएक्समध्ये प्रोसेसर थेट पुढच्या पंख्यासमोर आला. गार हवा आधी त्याच्यावरून, मग चिपसेट आणि कार्डावरून, एका सरळ रेषेत मागे. बाजाराने ही मांडणी उचलली नाही. पुढे इंटेलचे प्रोसेसरही कमी वॉटचे झाले आणि २००६ मध्ये कंपनीने ती सोडून दिली. मला मात्र या सगळ्या इतिहासात बीटीएक्सबद्दल विशेष आदर वाटतो. पंखे वाढवण्याआधी हवेची वाट आखा, हे मुळाक्षर तिथे स्पष्ट मांडले होते. छोट्या कॅबिनेटवाल्यांना ते पुढे स्वतः ठेचा खाऊन शिकावे लागले.

छोट्या बोर्डाची सुरुवात वेगळ्याच घरातून झाली. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स आणला, १७ सेंटिमीटरचा चौरस. तो गेमिंगसाठी नव्हताच. कमी वॉटचा प्रोसेसर, शक्य तर पंखाही नको, असा त्याचा हेतू होता. आज पाचशे वॉटचे डबे त्याच चौरसावर उभे राहतात. त्याच वर्षी शटल या दुसऱ्या तैवानी कंपनीचा एसव्ही२४ हा चौकोनी ठोकळ्यासारखा छोटा पीसी आला. पुढच्या ठोकळ्यांत पेंटियम ४ बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी हीट पाइप वापरून प्रोसेसरची उष्णता उचलली आणि थेट मागच्या भिंतीवरच्या पंख्यापाशी नेऊन सोडली.

हीट पाइपवर थोडे थांबायला हवे, कारण आज प्रत्येक बुटका कूलर याच्याच जिवावर चालतो. तांब्याची बंद, पोकळ नळी. आतली हवा काढून घेतलेली, तळाशी थेंबभर पाणी. दाब इतका कमी की पाणी तीस-चाळीस अंशांनाही उकळते. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती पंख्याकडच्या गार टोकाला धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या बाजूला भाजून बसवलेल्या तांब्याच्या भुकटीतून, वातीतून तेल चढावे तसे, परत येते. ना मोटर, ना आवाज. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लरने याचे पेटंट १९४४ मध्येच मिळवले होते, पण ते पडून राहिले. १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हरने, अंतराळातल्या अणुऊर्जेच्या कामासाठी, ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधले आणि हीट पाइप हे नाव दिले. २०१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने अवघा ३७ मिलिमीटर उंचीचा एनएच-एल९आय काढला. पंख्यासकट चार बोटेही उंची नसलेल्या त्या कूलरमध्ये हेच तत्त्व आहे.

प्रोसेसर असा आटोक्यात आला, तर ग्राफिक्स कार्ड हाताबाहेर गेले. एनव्हिडियाचे २०१६ चे जीटीएक्स १०८० हे १८० वॉटचे होते. २०२० चे आरटीएक्स ३०९० ३५० वॉटचे, २०२२ चे ४०९० ४५० चे आणि २०२५ चे ५०९० तर ५७५ वॉटचे. शिवाय कार्डाचा पंखाही बदलला. आधीच्या ब्लोअर पद्धतीत हवा कार्डाच्या एका टोकाने आत शिरून मागच्या जाळीतून कॅबिनेटबाहेर पडायची. आवाज मोठा, पण उष्णता डब्याबाहेर. एनव्हिडियाने स्वतःच्या कार्डांवर २०१८ पासून दोन उघडे पंखे दिले. कार्ड गार आणि शांत झाले, मात्र त्याची धग कॅबिनेटमध्येच पसरू लागली. मोठ्या टॉवरमध्ये हे खपते. दहा लिटरमध्ये तीच गरम हवा फिरून पुन्हा त्याच पंख्यात जाते.

यावरचा तोडगा मोठ्या कंपन्यांनी नव्हे, हौशी लोकांनी काढला. २०१३ मध्ये एनकेस एम१ हे साडेबारा लिटरच्या आसपासचे कॅबिनेट लोकवर्गणीतून उभे राहिले. २०१६ मध्ये जर्मनीतून, तसेच लोकवर्गणीतून, डॅन ए४-एसएफएक्स आले, फक्त ७.२ लिटरचे. त्यात मधे एक पडदी आहे. एका अंगाला बोर्ड, दुसऱ्या अंगाला त्याला पाठ लावून कार्ड आणि दोघांना जोडणारी पट्टीसारखी रायझर केबल. सँडविच मांडणी म्हणतात ती हीच. कार्ड आपल्या बाजूच्या जाळीतून ताजी हवा घेते, प्रोसेसर आपल्या बाजूने, आणि एकाची धग दुसऱ्याच्या वाट्याला फारशी येत नाही. त्याच काळात एसएफएक्स या छोट्या आकाराचे सहाशे वॉटचे एसएमपीएस मिळू लागले म्हणून हे जमले. १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरच्या त्या पेटीशिवाय सगळे कागदावरच राहिले असते. २०२० च्या कूलर मास्टर एनआर२०० ने साधारण अठरा लिटरमध्ये हीच हौस सामान्य खिशाला परवडेल अशी केली.

रायझरने त्रासही दिला. एनझेडएक्सटीला एच१ हे उभे छोटे कॅबिनेट २०२१ मध्ये परत मागवावे लागले, कारण रायझर बसवणाऱ्या स्क्रूमुळे शॉर्ट होऊन आग लागू शकत होती. एवढ्याशा जागेत प्रत्येक स्क्रू काय शिवतो आहे ते बघून घ्यावे, हे मी भाच्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पाण्याचा मार्गही याच गोष्टीतला. २००९ मध्ये असेटेकने बनवलेला आणि कोर्सेअरच्या नावाने विकला गेलेला एच५० आला आणि बंद नळ्यांचा तयार वॉटर कूलर सामान्य ग्राहकाच्या हाती पडला. लहान कॅबिनेटमध्ये तो सोयीचा, कारण पंप प्रोसेसरवर बसतो आणि धग टाकणारा रेडिएटर जागा असेल तिथे लावता येतो. चूक होते ती एकाच ठिकाणी. बंद नळ्यांतही थोडी हवा असते आणि वर्षागणिक वाढते. पंप सगळ्यांत उंच राहिला तर ती हवा पंपात साचते, मग तो खरखरतो आणि शेवटी बसतो. पुण्यात हे समजावणे सोपे आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात भुयारी नळाने पाणी आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी चुनेगच्ची उच्छ्वास बांधले होते, नळात कोंडलेली हवा वर निघून जावी म्हणून. एआयओ, म्हणजे हा तयार वॉटर कूलर, लावताना रेडिएटरची वरची बाजू पंपापेक्षा उंच ठेवायची, म्हणजे तीच तुमचा उच्छ्वास होते.

आणि चिपवर थेट पाणी नेणे याच शहरात फार मोठ्या प्रमाणावरही चालते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथे घडवला. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ पासून असलेला परम ब्रह्म थेट द्रवाने गार होतो. तिथे धग बाहेर वाहून न्यायला इमारत आहे. भाच्याकडे दहा बाय दहाची खोली आहे.

आता त्या खोलीकडे येतो. परदेशातल्या चाचण्या साधारण २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. एप्रिलमध्ये शिवाजीनगर वेधशाळेचे सरासरी कमाल तापमान ३८ च्या आसपास असते आणि वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडतो. रात्री दहाला त्याच्या टेबलावर मी थर्मामीटर ठेवला तेव्हा ३४ होते. कूलर कितीही चांगला असो, तो खोलीच्या तापमानावर बेरीज करतो. ७२ मध्ये हे बारा अंश मिळवा, ८४ झाले. त्याच्या मशीनमध्ये खरा दोष असेलच तर दोन अंशांचा होता. छोट्या कॅबिनेटचा जवळजवळ सगळा इतिहास गार खोल्यांत बसून लिहिला गेला आहे. आपण तो वाचताना आधी आपल्या खोलीच्या तापमानाचा फरक मिळवायला हवा.

हवेचा हिशोबही करून पाहिला. पाचशे वॉट बाहेर न्यायचे आणि हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला सुमारे पंचेचाळीस लिटर हवा लागते. म्हणजे दहा लिटरच्या डब्यातली सगळी हवा एका सेकंदात चार वेळा बदलायला हवी. चांगला १२० मिलिमीटरचा पंखा मोकळ्यात पूर्ण वेगाने अठ्ठावीस लिटरच्या आसपास देतो. समोर जाळी, मागे केबलींचे गुंतवळ आले की त्यातले बरेच गळते.

ते दोन अंश शोधायला देवघरातली उदबत्ती घेतली. खोलीचा पंखा बंद केला, खेळ चालू ठेवला आणि धूर कॅबिनेटच्या कडेकडेने फिरवला. कार्डाच्या बाजूच्या जाळीत धूर सरळ ओढला गेला, ते बरोबर होते. वरच्या पंख्यातून गरम झोत जोरात बाहेर पडत होता, तेही बरोबर. पण टेबलाच्या वर पुस्तकांची फळी होती. झोत फळीला आपटून भिंतीकडे वळला आणि भिंतीलगत खाली उतरून, धुराची बारीक दोरी करून, पुन्हा कार्डाच्या जाळीत शिरला. दोघेही बघत राहिलो. "मामा, हे तर स्वतःचीच हवा पितंय," तो म्हणाला. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे आणि फळीखालून बाहेर काढले. जाळीवर शेजारच्या बांधकामाची पिठासारखी धूळ बसली होती, ती ब्रशने काढली. कार्ड तीन अंश उतरले.

उरलेले काम व्होल्टेजने केले. चिपची बरीचशी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. १.०५ वरून ०.९ व्होल्टवर आणले आणि वेग तोच ठेवला, तर त्या भागातली चौथाईहून जास्त वीज वाचते. कंपनी प्रत्येक चिपला थोडे जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते, कारण सगळ्यांत कमजोर चिपही चालली पाहिजे. आपल्या हातातली चिप सहसा तेवढी कमजोर नसते. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची वक्ररेषा थोडी थोडी खाली घेत, प्रत्येक पायरीला अर्धा तास खेळ चालवून, रात्री दीडपर्यंत आम्ही ते केले. एकदा स्क्रीन काळी झाली, एक पायरी मागे आलो. प्रोसेसरला बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून, कमी वीज घेणारा इको मोड दिला. दोन्ही मिळून दीडशे वॉट वाचले. खेळाच्या फ्रेम मोजल्या तर फरक चार टक्क्यांच्या आत.

कार्ड आता त्याच खोलीत ७५ वर राहते आणि पंख्यांचा आवाज दार लावल्यावर बाहेर येत नाही. मे महिन्यात तो कॅबिनेट खिडकीशेजारी हलवणार आहे. जाळीसाठी बारीक नायलॉनची फिल्टर शोधायला पुढच्या रविवारी आम्ही तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार आहोत.