जर्मनीच्या शॉर्टेज लिस्टमध्ये तुमचं काम आहे? मग व्हिसासाठी नेमकं काय बदलतं ते वाचा

जर्मनीत माणसं कमी पडतायत हे खरंय, पण "तुमचा जॉब शॉर्टेज लिस्टमध्ये आहे म्हणजे व्हिसा पक्का" असं सांगून कोणी पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका. लिस्टमुळे मुख्य फायदा काय तर ईयू ब्लू कार्डसाठीची (पदवीवाल्या परदेशी कामगारांचा वर्क परमिट) पगाराची अट खाली येते. २०२५ मध्ये नेहमीची अट वर्षाला ४८,३०० युरो होती आणि शॉर्टेजवाल्यांना ४३,७५९.८० युरो, हे आकडे दर जानेवारीत बदलतात म्हणून ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीचेच बघा. आणि कमी पगारावर जायचं तर तिथल्या फेडरल एम्प्लॉयमेंट एजन्सीची मंजुरी लागते, ते बघतात की त्याच कामाला तिथल्या माणसाला जे मिळतं तेवढं तुम्हाला मिळतंय की नाही.

लिस्टमध्ये आयटी, इंजिनियर, डॉक्टर आहेतच, नोव्हेंबर २०२३ पासून शिक्षक आणि फार्मासिस्टपण आले. पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर लिस्टबाहेरच्या कामालाही हीच कमी अट चालते, हे खूप जणांना माहीतच नसतं.

सगळ्यात आधी पदवी तपासा, ऑफरच्याही आधी. आनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये तुमची युनिव्हर्सिटी एच प्लस (H+, म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का आणि तुमची डिग्री जर्मन डिग्रीच्या तोडीची धरलीय का ते बघून प्रिंट काढून ठेवा, नसेल तर झेडएबीकडून (परदेशी पदव्या तपासणारं जर्मनीचं सरकारी ऑफिस) सर्टिफिकेट घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो. आयटीवाल्यांकडे डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव असेल तर ब्लू कार्ड मिळू शकतं.

आयटीआयवाल्यांनो, ब्लू कार्डच्या मागे लागू नका, तुमचा रस्ता वेगळा आहे. सरकारमान्य किमान दोन वर्षांचा कोर्स (फिटर, इलेक्ट्रिशियन वगैरे) आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं अनुभव असेल तर अनुभवी कामगारांचा व्हिसा बघा, पण त्यालाही पगाराची अट आहेच. नर्सेसना मात्र तिथल्या राज्याकडून मान्यता घ्यावीच लागते आणि लायसन्ससाठी साधारण बी२ (मध्यमच्या वरची पातळी) जर्मन लागतं, कितीही शॉर्टेज असला तरी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, तिकडून गेलात तरी नर्सला भाषा आणि मान्यता सुटत नाही.

ब्लू कार्डच्या फाइलमध्ये काय काय: पासपोर्ट, किमान सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट किंवा पक्की ऑफर, कंपनीने भरून दिलेला नोकरीच्या माहितीचा जर्मन फॉर्म, डिग्री, मार्कशीट, आनाबिनचा प्रिंट किंवा झेडएबी, सीव्ही, हेल्थ इन्शुरन्स. व्हिसा फी ७५ युरो. घाई असेल तर कंपनीला फास्ट-ट्रॅकबद्दल विचारा, तो अर्ज तुमच्या वतीने कंपनीच तिथल्या फॉरेनर्स ऑफिसला करते, ४११ युरो फी आहे, आणि ती कोण भरणार हे ऑफर साइन करायच्या आधीच ईमेलवर लेखी घ्या.