टी, जी आणि सी : काल्पनिक विषाणूंच्या नावांचा शोध

‘रेझिडेंट ईव्हिल’ ही कॅपकॉम या जपानी कंपनीची भयपटासारखी व्हिडिओ खेळमालिका १९९६ साली सुरू झाली. तेव्हापासून तिच्या चाहत्यांना त्यातल्या राक्षसांइतकेच, किंबहुना काकणभर जास्तच, कुतूहल आहे ते राक्षस घडवणाऱ्या विषाणूंच्या नावांचे. अंब्रेला ही खेळातली औषध कंपनी प्रयोगशाळेत विषाणू तयार करते आणि त्यांना टी, जी अशी एकेका अक्षराची नावे देते. अक्षर एकच असल्यामुळे ते कशाचे आद्याक्षर असावे, याचे तर्क लढवायला भरपूर वाव मिळतो. ‘टी’चा उलगडा खेळातच होतो : अजिंक्य सैनिक निर्माण करण्याच्या ज्या ‘टायरंट’ प्रकल्पासाठी हा विषाणू वापरला गेला, त्याचेच ते आद्याक्षर. विल्यम बर्किन या शास्त्रज्ञाच्या ‘जी’बद्दल मात्र चाहत्यांची मजल ‘गॉड’पासून ‘गोल्गोथा’पर्यंत गेली आहे.

या सर्व तर्कांमागे एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की अक्षरात विषाणूचा स्वभाव सांगितलेला असतो. कथेत ते अनेकदा खरेही ठरते. २०१२च्या सहाव्या भागातील सी-व्हायरसचा ‘सी’ कोषावस्थेसाठीच्या इंग्रजी शब्दावरून आला आहे आणि त्याची लागण झालेली माणसे खरोखरच कोषात गुंडाळली जाऊन निराळ्या रूपात बाहेर पडतात. खऱ्या विषाणूशास्त्रात मात्र अक्षरांचा इतिहास बराच गबाळा आहे.

टी अक्षराचे खरेखुरे विषाणू खेळाच्या कितीतरी आधीपासून प्रयोगशाळांत आहेत. जीवाणूंवर जगणाऱ्या सात विषाणूंना १९४०च्या दशकात टी१ ते टी७ अशी नावे देण्यात आली आणि त्यातल्या टीचा अर्थ ‘टाइप’, म्हणजे निव्वळ प्रकार, एवढाच होता. त्यांपैकी टी४ची करणी कोणत्याही भयकथेला शोभेल अशी आहे. पैलूदार डोके आणि त्याखाली शेपूट असलेला हा विषाणू शेपटीच्या लांब तंतूंनी ई. कोलाय जीवाणूचा पृष्ठभाग चाचपतो आणि जागा सापडली की घट्ट बसतो. मग शेपटीचे बाहेरचे आवरण आकसते, आतली नळी जीवाणूच्या भिंतीत घुसते आणि डोक्यातला डीएनए तिच्यातून आत उतरतो. साधारण अर्ध्या तासात जीवाणू फुटून शंभराहून अधिक नवे विषाणू बाहेर येतात. इतक्या क्रूर यंत्रणेचे नाव मात्र ‘प्रकार क्रमांक चार’!

चाहत्यांच्या तर्कांशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा किस्सा टीटी विषाणूचा आहे. रक्त चढवल्यानंतर यकृतदाह झालेल्या, पण ज्याचे कारण सापडत नव्हते अशा एका रुग्णात जपानी संशोधकांना १९९७ साली हा विषाणू आढळला आणि त्यांनी त्याला रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे दिली. पुढे अनेकांनी त्या दोन टींचा अर्थ ‘रक्तसंक्रमणातून पसरणारा’ असा लावला. तो अर्थ इंग्रजीत चपखल बसत होता, विषाणू सापडला त्या परिस्थितीशीही जुळत होता आणि तरीही चुकीचा होता. अखेर विषाणूंच्या वर्गीकरणाची जबाबदारी असलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने आद्याक्षरे तशीच ठेवून त्यांना नवा अर्थ दिला. लॅटिनमधील ‘गळ्यातला हार’ आणि ‘बारीक’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘टॉर्क टेनो’ हे नाव तयार झाले, कारण या विषाणूचा डीएनए एकेरी धाग्याच्या बारीक वर्तुळासारखा असतो. आधी अक्षर आणि मग त्याचा अर्थ, हा उलटा प्रवास चाहतेच करतात असे नाही. समित्याही करतात, आणि माझ्या मते या समितीने तो चाहत्यांपेक्षा अधिक डौलाने केला.

जीची कथा याहून गमतीची आहे. यकृतदाहाच्या विषाणूंना ए, बी, सी अशी अक्षरे ओळीने दिली जात होती. सी विषाणू १९८९ साली ओळखला गेला, तोपर्यंत त्याच्या आजाराला ‘ए नाही, बी नाही’ अशा नकारार्थी नावाने भागवून नेले जात असे. १९९०च्या दशकाच्या मध्यावर दोन स्वतंत्र गटांना एकच नवा विषाणू सापडला. एका गटाने ओळीतले पुढचे अक्षर घेऊन त्याला ‘हेपॅटायटिस जी’ म्हटले. दुसऱ्या गटाने त्याचे नाव ‘जीबी विषाणू सी’ ठेवले, कारण त्यांच्या शोधाचा धागा १९६०च्या दशकातील एका शल्यचिकित्सकाच्या रक्तद्रवाशी जोडलेला होता आणि जीबी ही त्या शल्यचिकित्सकाची आद्याक्षरे होती. म्हणजे एकाच विषाणूच्या नावात एकाच अक्षराचे दोन वेगवेगळे अर्थ, आणि दोन्हींचा विषाणूच्या स्वभावाशी काडीचा संबंध नाही. पुढे तर तो यकृतदाह घडवतो हेच सिद्ध झाले नाही. उलट एचआयव्हीची लागण असलेल्या ज्यांच्या शरीरात हाही विषाणू होता ते अधिक काळ जगले, असे काही अभ्यासांत दिसले. टीटी विषाणूही बहुसंख्य माणसांच्या रक्तात निमूटपणे राहतो आणि त्यामुळे निश्चितपणे होणारा असा एकही आजार ठाऊक नाही. खेळातल्या टी आणि जी यांनी शहर उद्ध्वस्त केले, तर त्याच अक्षरांचे हे खरे विषाणू बिनतक्रार भाडेकरू निघाले.

व्यक्ती आणि स्थळांच्या नावांबाबत कथा आणि वास्तव यांची फारकत अधिक ठळक आहे. खेळातली अलेक्सिया ॲशफर्ड आपल्या विषाणूला घराण्याची मूळ स्त्री व्हेरोनिका हिचे नाव अभिमानाने देते. वास्तवात असे नाव बहुधा कोणालाच नको असते. १९७६ साली आफ्रिकेतील यांबुकू गावात एका नव्या जीवघेण्या विषाणूचा उद्रेक झाला, तेव्हा गावावर कायमचा शिक्का बसू नये म्हणून विषाणूला इबोला नदीचे नाव देण्यात आले. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १९९३ साली सापडलेल्या हंटाविषाणूच्या (उंदरांसारख्या प्राण्यांपासून पसरणाऱ्या गटातील विषाणूच्या) प्रस्तावित स्थळनावांवर स्थानिकांनी आक्षेप घेतला आणि शेवटी त्याचे नाव ‘सिन नोम्ब्रे’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘निनावी’, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या आजारांच्या नावांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार नावात व्यक्ती, स्थळे आणि प्राणी नसावेत, तसेच विनाकारण भीती पसरवणारे शब्दही नसावेत. ही तत्त्वे आजारांसाठी आहेत, विषाणूंसाठी नव्हेत, परंतु त्यांच्या कसोटीवर अंब्रेलाच्या कोशातले फारसे काही टिकणार नाही.

तरीही चाहत्यांचा एक तर्कप्रकार शास्त्राच्या खरोखर जवळ जातो, आणि तो म्हणजे वंशावळ. प्रोजेनिटर हा मूळ विषाणू, जळवांच्या डीएनएशी त्याचा संयोग होऊन आलेला टी, आणि राणीमुंगीच्या जनुकांत शिल्लक राहिलेल्या प्राचीन विषाणूशी प्रोजेनिटर जोडून केलेला टी-व्हेरोनिका, अशी मांडणी ते करतात आणि टी-व्हेरोनिका नेमका कोणाचा वंशज मानायचा यावर वाद घालतात. यातले तपशील कल्पित असले तरी त्यामागील कल्पना हवेतल्या नाहीत. कोंबड्यांमध्ये अर्बुद निर्माण करणाऱ्या राऊस विषाणूतील ‘सार्क’ हे जनुक मुळात कोंबडीचेच आहे. विषाणूने ते यजमानाकडून उचलले. प्राचीन विषाणूंचे अवशेष तर आपल्याही पेशींत आहेत. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग पूर्वी कधीतरी आपल्या पूर्वजांना बाधलेल्या रेट्रोविषाणूंपासून, म्हणजे आपली जनुके यजमानाच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूंपासून, आलेला आहे.

म्हणून टी-व्हेरोनिका कोणाचा वंशज, या चाहत्यांच्या वादाला शास्त्रीय उत्तर देता येण्याजोगे आहे, पण ते नावातून मिळणार नाही. आजचे वर्गीकरण मुख्यतः जनुकक्रमांच्या तुलनेवर उभे आहे आणि दोन विषाणूंच्या संयोगातून आलेल्या विषाणूचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला, तर एक तुकडा एका वंशाकडे आणि दुसरा दुसऱ्याच वंशाकडे बोट दाखवतो. अशा वेळी संशोधक एका विषाणूसाठी एकच वंशवृक्ष न काढता जनुकागणिक वेगळा वृक्ष काढतात आणि फांद्या कोठे जुळत नाहीत ते पाहून संयोग नेमका कोठे झाला हे शोधतात.