'दोनच पुरे' ते 'तीन तरी हवीत': पोरांच्या आकड्याचं राजकारण आलं कुठून

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू म्हणाले की दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांनाच स्थानिक निवडणूक लढवता येईल असा कायदा आणायचा विचार आहे, आणि दोनच दिवसांनी चेन्नईत एका सामूहिक लग्नात तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी सोळा संपत्तींच्या जुन्या तमिळ आशीर्वादाची आठवण काढून विचारलं की मग सोळा पोरंच का होऊ देऊ नयेत. तेव्हा बऱ्याच जणांनी हसण्यावारी नेलं. पण ज्या पिढीने भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि 'हम दो हमारे दो' बघत शाळा केली तिला हे ऐकून चक्कर यायचीच बाकी होती, कारण हेच नायडू आधीच्या कारकिर्दीत छोट्या कुटुंबाचे सगळ्यात मोठे प्रचारक होते. मग हे असं उलटं कसं झालं ते समजायला जरा मागे जावं लागतं, आणि आपल्या दृष्टीने मजा म्हणजे सुरुवात मुंबईतच होते.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी गणिताच्या प्रोफेसरची नोकरी गेली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यावरून कोर्टाच्या चकरा मारल्या. त्यातल्या एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो पडला. पण त्यातला मुद्दा बघा, गरीब बाईला सारखी बाळंतपणं सोसावी लागू नयेत आणि तिला साधनं मिळावीत, एवढंच मागणं होतं. सक्ती नाही, शिक्षा नाही. नंतरच्या ऐंशी वर्षांत इतक्या साध्या भाषेत हे बोलणारे राजकारणी फार कमी सापडतात.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये देशाने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला, जगात तसं करणारा पहिला देश म्हणून त्याचं कौतुकही होतं. साठच्या दशकात मुंबईत तर रेल्वे स्टेशनवर नसबंदीचे बूथ होते. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत आरोग्यमंत्री करण सिंह यांनी विकास हेच उत्तम गर्भनिरोधक असं म्हटलं आणि दोनच वर्षांत, आणीबाणीत, याच करण सिंहांनी आणलेल्या लोकसंख्या धोरणात राज्यांना सक्तीचा कायदा करायची मुभा दिली गेली.

ती मुभा घेऊन पुढे धावलं कोण तर महाराष्ट्र. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, न ऐकणाऱ्याला तुरुंगाची तरतूद होती. राष्ट्रपतींची सही झाली नाही, निवडणुका आल्या, काँग्रेस पडली आणि विधेयक बारगळलं, नाहीतर काय झालं असतं कल्पना करवत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या. जनता सरकारने खात्याचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' केलं आणि पुढची कितीतरी वर्षं कुठल्याच पुढाऱ्याची 'सक्ती' हा शब्द उच्चारायची टाप नव्हती. पुरुषांची नसबंदी तर बदनाम झाली ती झालीच, सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर आला तो आजतागायत तसाच आहे.

पण आणीबाणीतली एक गोष्ट शांतपणे टिकली आणि आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ माझ्या मते तिच्यात आहे. ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचं राज्यांमधलं वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं, म्हणजे ज्या राज्याने लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्याच्या जागा कमी होऊ नयेत. मुदत २००० पर्यंत होती, नंतर ८४व्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. तेव्हा सगळ्यांना वाटलं २०२६ म्हणजे फार लांब आहे, बघू नंतर.

मधल्या काळात सक्ती मागच्या दाराने परत आली. १९९२-९३ च्या आसपास पंचायत राज मजबूत करायचा जोर होता, महिलांना राखीव जागा मिळाल्या, आणि बरोबर त्याच वेळी दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर उमेदवारी नाही हा नियम घुसला. राजस्थान, हरयाणा, आंध्र, ओडिशा, नंतर मध्य प्रदेश, हिमाचल. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेला सप्टेंबर २००१ ही रेघ आहे, तिच्यानंतर तिसरं झालं की अपात्र. २००५ मध्ये सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आलं. आमदार खासदारांना? त्यांना काही नाही. कितीही असोत. नियम करणाऱ्यांनी नियम खालच्यांना लावला, हे इतकं उघड आहे की आता कुणाला खटकतही नाही.

सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये हरयाणाच्या केसमध्ये हा नियम वैध ठरवला, आणि २०१८ मध्ये ओडिशातल्या एका सरपंचाच्या केसमध्ये तिसरं मूल दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही असं सांगितलं, यावरून लोक काय काय करत होते ते कळतंच. मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अभ्यास केला त्यात बायकोला सोडणं, मूल नाकारणं, गर्भपात असले प्रकार समोर आले. गावात तर हा नियम लोकसंख्येपेक्षा विरोधकाला पाडायलाच जास्त वापरला जातो, निकाल लागला की हरलेला गट जन्माची नोंद, शाळेचा दाखला शोधत फिरतो आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज ठोकतो. मध्य प्रदेश, हिमाचल, हरयाणा यांनी २००५-०६ मध्येच नियम काढून टाकला. महाराष्ट्राने ठेवला.

दोनच पोरं आणि त्यात एक तरी मुलगा हवाच, या दोन अटी एकत्र आल्या की तिसरी गोष्ट आपोआप होते. गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला महाराष्ट्राने, तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४, बीड जिल्ह्यात तर ८०७. दोष एकट्या नियमाचा नक्कीच नाही, पण कुटुंब छोटं करा म्हणून जितक्या जोरात सांगितलं तितक्या जोरात मुलगी चालेल हे सांगितलं गेलं नाही. शरद पवारांनी एका मुलीवर थांबायचं ठरवलं आणि ते जाहीरपणे सांगितलं, असं स्वतःच्या घरातलं उदाहरण देणारे नेते बोटावर मोजण्याइतके. नंतर योजना आल्या, माझी कन्या भाग्यश्री, मग २०२३ ची लेक लाडकी, मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये. त्यातही कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनची अट आहेच.

आणि हे सगळं चालू असताना जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा, गपचूप खाली येऊन बसला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा सरासरी २.०, महाराष्ट्र १.७, आंध्र १.७, तामिळनाडू १.८, सिक्कीम तर १.१. बिहार मात्र ३.०. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतो. म्हणजे २०२१ मध्ये योगी आदित्यनाथ लोकसंख्या धोरण जाहीर करत होते आणि उत्तर प्रदेशच्या विधी आयोगाचा दोन अपत्यांचा मसुदा गाजत होता (कायदा झालाच नाही, एका मुलावर सवलतीला विश्व हिंदू परिषदेनेच हरकत घेतली) तेव्हा खुद्द त्या राज्याचा दर २.४ वर आलेला होता. नितीश कुमार तेव्हा म्हणाले होते की कायद्याने काही होत नाही, बायका शिकल्या की दर उतरतो. आकडे त्यांच्या बाजूने आहेत, त्यांच्या राज्याचा सोडून.

सिक्कीमने सरकारी नोकरीतल्या बायकांना जास्त मुलांसाठी पगारवाढ आणि आयव्हीएफला मदत जाहीर केली. आंध्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन अपत्यांची अट रद्द केली. डिसेंबरमध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत तीनचा आकडा बोलून गेले, ते निवडणुकीतले पुढारी नाहीत पण ऐकणारे आहेत. मार्च २०२५ मध्ये स्टॅलिन तर लग्न झालेल्यांना लगेच मूल होऊ द्या म्हणाले, आणि ते बोलले मतदारसंघ फेररचनेच्या संदर्भात. तिथेच सगळं कळतं. २०२६ आता लांब राहिलं नाही, २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना निघाली, आणि ज्या राज्यांनी पोरं कमी केली त्यांना लोकसभेच्या जागा जायची भीती आहे. नायडूंना म्हातारपणाकडे झुकणाऱ्या राज्याची काळजी आहे ती खरी आहे, पण ती वीस वर्षांपूर्वीच्या आकडेमोडीतही दिसत होतीच की.

आपल्याकडचे नेते यावर जवळपास गप्प आहेत. दर १.७ आहे, आणि तिसरं अपत्य झालं म्हणून इथला सरपंच अजून घरी जातो.