नवा कॉम्प्युटर चालूच होत नाही? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

नवीन असेंबल केलेलं मशीन टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की पहिली शंका येते ती मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, गेल्याची. आमच्या दुकानाच्या काउंटरवर अशी मशीन नेहमी येतात आणि बहुतेक वेळा त्यातला एकही पार्ट खराब नसतो. भिंतीतल्या पॉइंटपासून मदरबोर्डपर्यंत वीज ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर काहीतरी अर्धवट बसलेलं असतं. म्हणून आमची मनापासून विनंती आहे: लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन दुसरा एसएमपीएस (मशीनच्या पार्टना वीज पुरवणारा डबा) घेण्याआधी ही वाट एकदा स्वतः तपासा. एक स्क्रूड्रायव्हर, मोबाइलचा टॉर्च आणि मदरबोर्डसोबत आलेलं पुस्तक एवढं त्याला पुरतं.

आमच्याकडून सुटे पार्ट घेऊन घरी जोडणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. आमच्याकडे जोडून घेतलेलं मशीन टॅक्सीतून घरी नेल्यावर अडकलेल्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी नेमकं काय होतंय ते पाहा

तीन वेगवेगळ्या तक्रारी फोनवर एकाच वाक्यात सांगितल्या जातात. पहिलीत बटण दाबल्यावर ना पंखा फिरतो, ना दिवा लागतो. दुसरीत पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात, कधी पुन्हा फिरतात, पुन्हा थांबतात. तिसरीत पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. तिसऱ्या प्रकारात बोर्डाला वीज मिळते आहे, तेव्हा तिथे उगाच एसएमपीएस बदलू नका. आम्हाला फोन कराल तेव्हा यातला कोणता प्रकार आहे तेवढं आधी सांगा, निम्मं काम तिथेच होतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. कॅबिनेटच्या आत हात घालण्यापूर्वी भिंतीवरचं बटण बंद करा, पॉवर कॉर्ड मागून काढा आणि मशीनचं पुढचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाईल. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. कॉर्ड काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही वेळ टिकून राहतो आणि तो जीवघेणा असतो.

काहीच हालचाल नसेल तर: भिंतीपासून सुरुवात

ज्या पॉइंटवर मशीन लावलंय तिथे टेबल लॅम्प लावून पाहा. स्पाइक गार्डवर लावलं असेल तर तो बाजूला काढून थेट भिंतीत लावा. मुंबईतल्या जुन्या घरांमध्ये पॉइंटच्या आतल्या पट्ट्या सैल पडलेल्या असतात. पिन आत जाते, पण पकड बसत नाही. प्लग किंचित हलवल्यावर चुरचुर आवाज आला तर तो पॉइंट वापरू नका, वायरमनला बोलावून बदलून घ्या.

कॉर्डचं दुसरं टोक एसएमपीएसमध्ये पूर्ण गेलंय का ते पाहा. नवा एसएमपीएस इथे घट्ट असतो आणि कॉर्ड बसल्यासारखी वाटली तरी काही मिलिमीटर बाहेर राहिलेली असते. कॉर्डचीच शंका असेल तर मॉनिटरची कॉर्ड काढून इथे लावा. ज्या मॉनिटरला वेगळा अॅडॉप्टर नसतो, त्याची कॉर्ड बहुधा हीच असते.

मग एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण. त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल असतो. रेघेची बाजू आत दाबलेली हवी. हे बटण बंद राहिल्यामुळे मशीन परत घेऊन येणारे ग्राहक आम्हाला वरचेवर भेटतात, म्हणून एवढ्या साध्या गोष्टीसाठी वेगळा परिच्छेद दिला आहे. जुन्या एसएमपीएसवर याशिवाय ११५ आणि २३० असे आकडे असलेली लाल पट्टी सापडते. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा आहे, त्यामुळे पट्टी ११५वर असेल तर मशीन अजिबात चालू करू नका.

एवढं झाल्यावर मदरबोर्डकडे पाहा. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा दिवा मशीन बंद असतानाही लागलेला असतो. एसएमपीएस बंद अवस्थेतही बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, त्याची ती खूण. दिवा असेल तर भिंत, कॉर्ड आणि एसएमपीएसचा निदान तेवढा भाग ठीक आहे. बोर्डावर असा दिवा आहे की नाही ते पुस्तकात लिहिलेलं असतं.

२४ पिनांचा कनेक्टर आणि पुढचं बटण

स्टँडबायचा दिवा आहे पण बटणाला प्रतिसाद नाही, अशा वेळी आम्ही सर्वात आधी २४ पिनांचा मोठा कनेक्टर पाहतो. तो दाबायला चांगलाच जोर लागतो आणि नवा बोर्ड वाकताना दिसला की माणूस हात आखडता घेतो. बोर्डाच्या त्या कडेला खालून बोटांचा आधार द्या आणि खटका खाचेत अडकेपर्यंत दाबा. काही केबलींना २० आणि ४ असे दोन तुकडे असतात. त्यातला चारचा तुकडा मागे राहून गेलेला असू शकतो.

त्यानंतर कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची वायर. ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेला दोन पिनांचा छोटा कनेक्टर मदरबोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतो. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर तिथे एका ओळीत पाच आणि दुसऱ्या ओळीत चार पिना असतात. चारच्या ओळीतल्या, रिकाम्या जागेला लागून असलेल्या दोन पिना पॉवर बटणाच्या. तरी आपल्या बोर्डाचं पुस्तक उघडून खात्री करा, कारण एक पिन इकडची तिकडे झाली तरी बटण निर्जीव होतं. या वायरीला उलट-सुलट असं काही नसतं, कसाही लावला तरी चालतो. दिव्यांच्या वायरी उलट लागल्या तर फक्त दिवा लागत नाही, मशीन अडत नाही.

बटणच खराब आहे का, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. कॅबिनेटला रिसेटचं बटण असेल तर त्याचा कनेक्टर काढून पॉवरच्या दोन पिनांवर लावा आणि रिसेट दाबा. मशीन सुरू झालं तर दोष कॅबिनेटच्या बटणात, बाकी सगळं शाबूत. रिसेटचं बटण नसेल तर त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर एकत्र टेकवलं तरी तेच काम होतं. तिथे अगदी कमी व्होल्ट असतात, शॉक बसत नाही. मात्र टोक शेजारच्या पिनांना लागू देऊ नका. हात स्थिर राहत नसेल तर हे काम आमच्यावर सोडा.

२४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेने जोडून एसएमपीएस सुरू करायचे व्हिडिओ यूट्यूबवर खूप आहेत. आम्ही ते करायला सांगत नाही. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. भार आल्यावर तो १२ व्होल्ट नीट धरून ठेवतो का, हे त्यातून समजत नाही. दुकानात टेस्टर आहे, मल्टीमीटर आहे. ११.४ ते १२.६ व्होल्ट या मर्यादेत आकडा आहे का ते तुमच्यासमोर दाखवू.

क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल तर

प्रोसेसरला वीज देणारा वेगळा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो, चार किंवा आठ पिनांचा. कॅबिनेटच्या पंख्याआड तो दिसत नाही आणि लावायचा राहून जातो. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला त्याच्यासारखाच, पण त्यातल्या वायरींची मांडणी वेगळी. जोर लावून तिथे बसवू नका. केबलवर ‘सीपीयू’ लिहिलेलीच तिथे लावायची.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसबद्दल आम्ही कळकळीने सांगतो: एका एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला लावू नका, कंपनी एकच असली तरीही. मदरबोर्डाकडचं टोक ठरलेल्या मापाचं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातल्या पिनांची मांडणी प्रत्येक जण आपली ठेवतो. केबल व्यवस्थित बसते आणि जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे १२ जातात. हार्ड डिस्क, एसएसडी, कधी बोर्डसुद्धा क्षणात जळतो, आणि हार्ड डिस्कमधले फोटो कोणतीही वॉरंटी परत देत नाही. जुना एसएमपीएस केबलशिवाय स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

दुसरं कारण शॉर्टचं. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर राहावा म्हणून खाली पितळी स्टँडऑफ लावतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा जास्तीचा स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडतो. बोर्डाखाली घरंगळलेला स्क्रूही तेच करतो. कॅबिनेट हलवून आतून खुळखुळ ऐकू येते का पाहा. अशा वेळी एसएमपीएस काही मिनिटं कॉर्ड काढून ठेवल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही, म्हणून तो मेला असं समजू नका. हीट सिंकखालची (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची) प्लास्टिकची फिल्म काढली आहे का, तेही तपासा. ती राहिली तर प्रोसेसर तापून मशीन बंद पडतं.

एवढं करूनही काही कळत नसेल, तर सगळं बाहेर काढून पाहावं. आमच्या मते ही सर्वात खात्रीची पद्धत आहे. मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. ज्या चंदेरी पिशवीत तो आला त्या पिशवीवर ठेवू नका, तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी ठेवा. २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा कनेक्टर लावा आणि पॉवरच्या पिना टेकवून सुरू करा. बाहेर चालतं आणि आत चालत नाही, म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये किंवा बसवण्यात. बाहेरही चालत नसेल तर संशयित उरतात मोजकेच, आणि तेवढे घेऊन आमच्याकडे या.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात ते नसतं. एएमडीच्या रायझन ५६००मध्येही नाही, ५६००जीमध्ये आहे.

डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचं मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळणी करतं आणि तोवर पडदा काळाच असतो. यात काही मिनिटं जाऊ शकतात. घाबरून मध्येच बटण बंद केलंत तर ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून घ्या, मग पाहा.

तरीही काही नसेल तर रॅम काढून दोन्ही बाजूंनी खट आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची असते. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही, असंही होतं. इंटेलच्या १२व्या पिढीच्या प्रोसेसरसोबत आलेल्या बी६६० किंवा एच६१० बोर्डावर १३वी-१४वी पिढी चालवायला बायॉस (बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करावं लागतं. आमच्याकडून दोन्ही एकत्र घेतलंत तर ते आम्हीच करून देतो. बोर्ड दुसरीकडचा असेल तर आधी विचारा.

मुंबईतल्या घरांत येणाऱ्या दोन अडचणी

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते मशीन बिघडल्याचं लक्षण नाही, घरात अर्थिंग नसल्याचं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह पत्र्याकडे जातोच आणि तो अर्थिंगच्या वायरीने जमिनीत उतरायला हवा. जुन्या चाळींमध्ये पॉइंटला तीन भोकं असतात, पण मागे वायरी दोनच. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. प्लगची जाड पिन कापणं, अर्थिंगची वायर नळाला किंवा न्यूट्रलला जोडणं, हे कोणीही सुचवलं तरी करू नका. यात घरातल्या माणसांच्या जिवाला धोका आहे.

पावसाळ्यात एसी गाडीतून मशीन घरी नेलंत, तर थंड पत्र्यावर दमट हवेतलं पाणी धरतं. खोकं उघडून तासभर पंख्याखाली राहू द्या, मगच कॉर्ड लावा. प्रवासात कॅबिनेट काचेची बाजू वर करून आडवं ठेवा. जड ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यातून नेलेलं उत्तम. दुकानात चाललेलं मशीन घरी चालत नाही, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यांनी हललेलं कार्ड किंवा रॅम हेच कारण बहुतेक वेळा निघतं. दोन्ही काढून पुन्हा बसवा.

दुकानात आणताना

मोठा आवाज झाला किंवा जळका वास आला असेल तर पुन्हा बटण दाबून पाहू नका, तसंच घेऊन या. बोर्डावरच्या प्रोसेसर सॉकेटच्या पिना वाकलेल्या दिसल्या तर सुईने सरळ करू नका. एक पिन तुटली की बोर्ड गेला, आणि वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत धरल्या जात नाहीत. आमच्याकडून घेतलेल्या पार्टच्या मशीनची तपासणी मोफत आहे, इतर मशीनच्या तपासणीचे पैसे काम सुरू करण्याआधी सांगतो. बिल आणि पार्टची खोकी सोबत असू द्या, सिरियल नंबर त्यांवरच असतो. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्या उरलेल्या केबलची पिशवीही आठवणीने आणा.