आफ्रिकेचा पहिला विजय 1990 चा नव्हे

‘विश्वचषक फुटबॉलमध्ये आफ्रिकेला पहिला विजय 1990 मध्ये कॅमेरूनने मिळवून दिला’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. गैरसमज समजण्यासारखा आहे. कॅमेरूनने सलामीलाच गतविजेत्या अर्जेंटिनाला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी संघ ठरला. तेवढं खरंच.

पण पहिला विजय उत्तर आफ्रिकेचा, ट्युनिशियाचा. 2 जून 1978, अर्जेंटिनातलं रोसारिओ. मध्यंतराला मेक्सिको 1-0 ने पुढे होता. शेवटी ट्युनिशिया 3-1. मग 1982 मध्ये अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 असं नमवलं, तर 1986 मध्ये मोरोक्को इंग्लंडच्या गटात चक्क अव्वल आला!

पडताळायचं असेल तर 1978 च्या दुसऱ्या गटाचे निकाल काढून बघा. आणि इजिप्त तर 1934 मध्येच खेळून गेला होता, एकच सामना का असेना.